कॅटॅलिस्ट मेला की नुसता माखला? ईटीपीतला थकलेला कॅटॅलिस्ट पुन्हा कामाला लावण्याची पद्धत

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ईटीपीमागे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पामागे, पत्र्याच्या शेडखाली निळे ड्रम ओळीनं ठेवले होते. ओझोन कॉलममधून, म्हणजे सांडपाण्यात ओझोन वायू सोडतात त्या उभ्या टाकीतून, उपसलेले कॅटॅलिस्टचे (क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचे) पाच मिलिमीटरचे दाणे त्यांत भरलेले. ‘वापरलेला कॅटॅलिस्ट’ अशी लेबलं लावून झाली होती आणि नव्या मालाची ऑर्डर सहीसाठी टेबलावर पडली होती. महिनाभर सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरत नव्हता, त्यामुळे कॅटॅलिस्ट संपला असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. मीही.

तिथल्या जुन्या फिटरकाकांनी एक दाणा उचलला, खिशातून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तसा दाण्याचा मधोमध काप केला. बाहेर नखाइतकी पातळ पांढुरकी कडा, तिच्या आत काळं कडं, मध्ये सायीच्या रंगाचा गाभा. “मॅडम, पाहून घ्या,” काका म्हणाले, “दाणा मेला नाही, चुना चढला त्याच्यावर.” प्रयोगशाळेतून सौम्य आम्लाचा ड्रॉपर आणला आणि कापलेल्या कडेवर एक थेंब सोडला. पांढऱ्या कडेवर बारीक बुडबुडे फुटले, काळ्या कड्यावर काहीच झालं नाही. त्या मालातला बराचसा कॅटॅलिस्ट नंतर पुन्हा कामाला लागला.

तेव्हापासून एक गोष्ट मी कधी सोडली नाही. कॅटॅलिस्ट कशानं थकला हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कारण प्रत्येक दुखण्याचं औषध वेगळं असतं, आणि एकाचं औषध दुसऱ्याचं विष ठरतं. ही पद्धत मुख्यतः अॅल्युमिनाच्या दाण्यांवर मँगनीज किंवा लोहाच्या ऑक्साइडचा लेप असलेल्या कॅटॅलिस्टसाठी आहे. ओझोन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत शेवटच्या टप्प्यात सीओडी आणि रंग उतरवायला आपल्याकडच्या छोट्या-मध्यम प्रकल्पांत असाच माल दिसतो. कोळसा आणि टायटॅनियमवाल्यांबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी खात्री करा, दोष कॅटॅलिस्टचाच आहे का

सीओडी चढला की कॅटॅलिस्टकडे बोट दाखवणं सोपं असतं. कॉलम उघडण्याआधी एक दिवस या तपासण्यांना द्या.

पेरॉक्साइड वापरत असाल तर कॅनमधल्या पेरॉक्साइडची तीव्रता टायट्रेशननं मोजा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याखाली ठेवलेलं पेरॉक्साइड हळूहळू विघटन पावून पातळ होतं. लेबलवर ५० टक्के लिहिलेलं असतं, आत तेवढं उरलेलं नसतं. ओझोन असेल तर जनरेटरला जाणारी हवा खरंच कोरडी आहे का पाहा. पावसाळ्यात ड्रायर दमला की ओझोनचं उत्पादन घसरतं. येणाऱ्या पाण्याचा पीएच बदलला आहे का, उत्पादन विभागानं एखादं नवं रसायन सुरू केलं आहे का, हेही विचारा. ही माहिती लॉगबुकात सापडत नाही, ती शिफ्टच्या माणसांकडून काढावी लागते.

मग मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी एका कागदावर उतरवा: सीओडी किती टक्के उतरला आणि कॉलमच्या खालच्या-वरच्या गेजमधला दाबाचा फरक किती होता. कामगिरी हळूहळू घसरली आणि दाब चढत गेला तर थर साचतो आहे. एका आठवड्यात दाणकन पडली आणि दाब तसाच राहिला तर विषबाधेचा संशय घ्या, म्हणजे सल्फाइड, फॉस्फेट किंवा एखादा जड धातू आत आला असेल. कामगिरी पडली आणि दाबही कमी झाला तर पाणी दाण्यांच्या थराला टाळून एखाद्या वाटेनं निसटतं आहे. ते दुखणं दाण्यांचं नसून ते कॉलममध्ये नीट रचण्याचं आहे.

नमुना काढणं

ओझोन बंद करा, कॉलममधून तासभर साधी हवा सोडा, मग पाणी उतरवा. ओझोनची कामाच्या जागेवरची मर्यादा दशलक्षात ०.१ भाग इतकी कमी आहे, त्यामुळे वास येतोय तोवर झाकण उघडायचं नाही. आणि कॉलमच्या किंवा टाकीच्या आत माणूस उतरवायचाच असेल तर प्राणवायू मोजल्याशिवाय, बाहेर दुसरा माणूस आणि कमरेला दोर असल्याशिवाय उतरवायचा नाही. टाकीत उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

नमुना तीन थरांतून घ्या: वरून, मधून, खालून. वेगवेगळ्या बरण्यांत, तारीख टाकून. पाणी ज्या बाजूनं आत येतं तिथे गाळ आणि विष जास्त, तर वायू जिथे सुटतो तिथे चुना जास्त असं बरेचदा दिसतं. तिन्ही थर एकत्र केले की ही खूण पुसली जाते.

सोबत हवा नव्या मालाचा नमुना. खरेदी झाली त्या दिवशीच अर्धा किलो दाणे हवाबंद बरणीत सील करून ठेवायला हवेत, कारण पुढची प्रत्येक चाचणी त्याच्याशी ताडून पाहायची आहे. ठेवले नसतील तर पुरवठादाराकडून मागवून घ्या.

रोगनिदान: चार साध्या चाचण्या

यांना मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तराजू, ओव्हन, मफल फर्नेस (छोटी बंद भट्टी) आणि ब्युरेट पुरतात.

पहिली चाचणी अडकित्त्याची. दहा-बारा दाणे कापून भिंगाखाली पाहा. (प्रयोगशाळेचा अडकित्ता वेगळा ठेवा. तो पुन्हा सुपारीला लावायचा नाही.) पांढरी कडा म्हणजे क्षार, मुख्यतः चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट). तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर म्हणजे जिवाणूंचा किंवा सेंद्रिय गाळ. काळं कडं फिकं पडून गाभ्याचा रंग बाहेरपर्यंत आला असेल तर धातूचा लेपच धुऊन गेला आहे. हे शेवटचं दिसलं तर पुढची मेहनत बहुधा वाया जाते.

दुसरी जळण्याची. दाणे १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, त्यातले ५ ग्रॅम मफलमध्ये ४५० अंशांवर तीन तास ठेवा आणि पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं तेवढा साधारण सेंद्रिय भाग. पण नव्या दाण्यांचंही थोडं घटतं, कारण अॅल्युमिना धरून ठेवलेलं पाणी सोडतं. म्हणून शेजारच्या क्रुसिबलमध्ये नवे दाणे ठेवा आणि त्यांची घट वजा करा. चुनखडीचा थर या तापमानाला टिकून राहतो, त्यामुळे तो या आकड्यात मिसळत नाही.

तिसरी आम्लाची. वाळवलेले १० ग्रॅम दाणे ५ टक्के अॅसिटिक आम्लाच्या १०० मिलीत दोन तास हलवत ठेवा, डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, वाळवा, तोला. नव्या दाण्यांची घट इथेही वजा करा. उरलेला आकडा म्हणजे क्षाराचं प्रमाण. पुढे आम्लाचा हिशेब याच आकड्यावर बसवायचा आहे, म्हणून ही चाचणी दोनदा करा. याच वेळी बीकरच्या तोंडावर ओला केलेला लेड अॅसिटेटचा कागद धरा. तो काळा पडला तर दाण्यांत सल्फाइड आहे, आणि आम्लानं त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो विषारी असतो आणि जास्त प्रमाणात नाकच बधिर करतो. असा माल स्वतः धुवायला घेऊ नका.

चौथी चाचणी सगळ्यात मोलाची, दाण्यांत जीव किती उरला आहे ते सांगणारी. ३० टक्क्यांच्या पेरॉक्साइडचे १० मिली एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. या द्रावणाच्या २०० मिलीत १० ग्रॅम दाणे टाका आणि एकसारखं हलवत ठेवा. दर पाच मिनिटांनी वरचं निवळ द्रावण ५ मिली काढून त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घाला आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेटनं टायट्रेट करा. सुरुवातीला नऊ-दहा मिली परमँगनेट लागेल, मग कमी कमी होत जाईल. ते निम्म्यावर यायला नव्या दाण्यांना किती मिनिटं लागली आणि जुन्यांना किती? नव्यांना ८ आणि जुन्यांना २० लागली तर जुन्यांत सुमारे ४० टक्के जोर उरला. पिपेटमध्ये दाण्यांचा कण किंवा चुरा येऊ देऊ नका. आम्ल आणि पेरॉक्साइड मिळून मँगनीज विरघळवतात आणि आकडा चुकतो. दोन्ही बीकर एकाच पाण्याच्या बादलीत ठेवा. सकाळी २८ अंशांना एक चाचणी आणि दुपारी ३८ ला दुसरी केली तर तुम्ही कॅटॅलिस्ट नाही, हवामान मोजत असता.

पेरॉक्साइडची चाचणी दाण्याचा पृष्ठभाग मोकळा आहे की नाही हे चांगलं दाखवते. ओझोनसोबतचं काम ती जसंच्या तसं सांगत नाही. म्हणून शेवटी आपलंच सांडपाणी घेऊन नव्या आणि जुन्या दाण्यांवर सीओडीची तुलना करावी. छिद्रांचं क्षेत्रफळ किंवा धातूचं नेमकं प्रमाण हवं असेल तर आपण नागपुरात आहोत हे भाग्यच. १९५८ पासून पाण्या-सांडपाण्यावर काम करणारी नीरी ही संशोधन संस्था इथे आहे, १९४२ ची एलआयटी आहे, व्हीएनआयटी आहे, ही दोन्ही तंत्रशिक्षणाची ठिकाणं. नमुना घेऊन विचारायला जाण्यात संकोच करू नका.

आपल्याकडे चुनाच का चढतो

मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत मुख्य आरोपी क्षार निघाला, आणि त्यामागे कारण आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी अपुरं पडलं की कारखाने बोरच्या आणि टँकरच्या जड पाण्यावर येतात. काही ठिकाणी आरओचं रिजेक्टही (पाणी गाळून झाल्यावर उरलेलं क्षारांचं पाणी) फिरवून ईटीपीत घेतात, त्यात कॅल्शियम आणखी दाट झालेलं असतं. मग हे पाणी ओझोन कॉलममध्ये येतं. तिथे खालून वायूचे बुडबुडे सुटत असतात. ते पाण्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हुसकून लावतात, पीएच वर सरकतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं. त्यात पाणी गरम. चुनखडी गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणूनच गिझरच्या कॉइलवर ती आधी बसते. थोडक्यात, क्षार बसायला लागणारी सगळी परिस्थिती आपण त्याच कॉलममध्ये जमवतो, आणि बसायला खरखरीत दाण्यांचा पृष्ठभागही देतो.

पायरी १: बॅकवॉश आणि चाळणी

सैल गाळ आधी पाण्यानंच जाऊ द्या. खालून पाणी सोडून दाण्यांचा थर २० ते ३० टक्के फुलेल इतकाच प्रवाह ठेवा, वरून निवळ पाणी येईपर्यंत. जोरात हवा मारली तर दाणे एकमेकांवर घासून लेपच झडतो.

मग माल उपसा आणि २ मिलिमीटरच्या जाळीवर ओलाच चाळा. इतवारीतल्या लोहाओळीत स्टेनलेस जाळी मिळते, चौकटीला ठोकून चाळणी तयार होते. ओलाच चाळायचं, कारण कोरड्या चाळणीत मँगनीजची धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाणं वाईट. एन-९५ मास्क तरीही लावा. चाळणीखाली दहा टक्क्यांहून जास्त चुरा गेला तर थांबा. दाणाच ठिसूळ झाला आहे.

पायरी २: तेलकट आणि सेंद्रिय थर काढणं

आम्लाआधी अल्कली. हा क्रम उलटवू नका, कारण तेलाचा पापुद्रा असला की आम्ल क्षारापर्यंत पोचतच नाही. लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ४० ते ५० अंश तापमान, दोन ते तीन तास हळू फिरवणं. लोहावर किंवा अॅल्युमिनावर चिकटलेलं फॉस्फेटही यात सुटतं. जास्त तीव्र द्रावण करण्याचा मोह होतो, पण अॅल्युमिना तीव्र कॉस्टिकमध्ये विरघळतं. तुम्ही मळ काढताय की दाणाच खरवडताय, एवढाच फरक उरतो.

नंतर मऊ (क्षार कमी असलेल्या) पाण्यानं धुवा, धुण्याच्या पाण्याचा पीएच ८.५ च्या खाली येईपर्यंत. बोरचं पाणी इथे वापरलं तर उरलेल्या अल्कलीत त्यातला चुना जागच्या जागी बसतो.

जळण्याच्या चाचणीत सेंद्रिय भाग नगण्य निघाला असेल तर ही पायरी सोडून द्या. प्रत्येक धुण्यात थोडा लेप जातोच.

पायरी ३: क्षार काढणं, आणि आम्लाची निवड

इथे मी जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात धोक्याची चूक इथेच होते आणि मी ती स्वतः केली आहे.

सुरुवातीच्या काळात एका प्रकल्पावर मी बादलीभर दाण्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. क्षार काढायला सगळे तेच वापरतात, बॉयलरच्या नळ्यांना, टाइल्सना. अर्ध्या मिनिटात पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा उग्र वास आला आणि घसा आवळला. बादलीच्या तोंडाशी हिरवट पिवळी झाक दिसत होती. मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांतून क्लोरीन वायू तयार होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत क्लोरीन बनवायची हीच पद्धत शिकवतात, आणि मला ते त्या क्षणी आठवलं नाही. आम्ही उघड्यावर होतो आणि माल थोडा होता, म्हणून निभावलं. बंद खोलीत शंभर किलो माल असता तर हा लेख लिहायला मी नसते. मँगनीजच्या कॅटॅलिस्टला हायड्रोक्लोरिक आम्ल लावायचं नाही, कितीही सौम्य असलं तरी.

सल्फ्युरिकही नको. कॅल्शियमशी मिळून ते जिप्सम बनवतं आणि चुन्याच्या जागी जिप्सम छिद्रांत अडकतं. सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्लं सुरक्षित वाटतात, पण ती मँगनीजला क्षपित करून विरघळवतात आणि लोहाला धरून ओढून नेतात. धुण्याचं पाणी तपकिरी किंवा पिवळं झालं की समजावं, आपला कॅटॅलिस्टच वाहून जातोय.

माझी निवड अॅसिटिक आम्लाची, म्हणजे ज्याचं पातळ रूप आपण व्हिनेगर म्हणून ओळखतो. चुन्यावर पुरेसं, लेपावर सौम्य, आणि त्याचा कॅल्शियम क्षार पाण्यात सहज विरघळतो.

आता हिशेब. १ किलो कॅल्शियम कार्बोनेटला १.२ किलो शुद्ध अॅसिटिक आम्ल लागतं. समजा १०० किलो कोरडे दाणे आहेत आणि तिसऱ्या चाचणीत क्षार ४ टक्के निघाला. म्हणजे क्षार ४ किलो, आम्ल ४.८ किलो, त्यावर चौथाई जास्त धरून ६ किलो. एका प्लास्टिकच्या टाकीत ३०० लिटर मऊ पाणी घ्या, दाणे जाळीच्या पिशव्यांत ठेवा आणि पंपानं पाणी फिरवत ठेवा. आम्ल एकदम ओतू नका. दोन-दोन किलोचे तीन हप्ते करा, प्रत्येक हप्ता आधी दहापट पाण्यात पातळ करून अर्ध्या तासात सोडा. पीएच ४ ते ५ च्या आसपास खेळता राहिला पाहिजे. खाली गेला तर थांबा, चुना तो आपोआप वर आणतो. शेवटच्या हप्त्यानंतर अर्धा तास पीएच वर चढला नाही आणि बुडबुडे थांबले, की क्षार संपला.

टाकीचं झाकण उघडं हवं. ४ किलो चुन्यातून जवळपास एक घनमीटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. बंद भांड्यात तो दाब निर्माण करेल आणि बंद खोलीत जमिनीलगत साचेल. संहत अॅसिटिक आम्ल कातडी भाजतं आणि त्याची वाफ पेट घेते, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि आगीपासून लांब.

दर अर्ध्या तासाला थोडं द्रावण बाटलीत काढून पांढऱ्या कागदापुढे धरा. रंगहीन असेल तर चालू द्या. रंग चढू लागला तर हिशेब पूर्ण झाला नसला तरी थांबा. चार टक्क्यांपैकी अर्धा टक्का चुना दाण्यांत राहिलेला परवडतो, लेप गेलेला परवडत नाही.

यानंतर पुन्हा मऊ पाण्यानं किंवा आरओच्या पाण्यानं धुणं, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याची चालकता जवळपास सारखी होईपर्यंत.

धुण्याच्या पाण्याचं काय करायचं

हे गटारात सोडायचं नाही. आपल्याकडची गटारं आणि नाले शेवटी नाग नदीला किंवा पिवळी नदीला मिळतात आणि तिथून पाणी कन्हानकडे जातं.

अॅसिटिक आम्लाचा १ किलो म्हणजे साधारण १.०७ किलो सीओडी. सहा किलोत साडेसहा किलोच्या आसपास. पण हा सीओडी जिवाणूंच्या आवडीचा आहे. मँगनीज, लोह, तांबं तपासून घ्या. जमिनीवरच्या जलस्रोतात सोडण्यासाठीच्या सर्वसाधारण मानकांत मँगनीजची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम, लोह आणि तांब्याची प्रत्येकी ३ मिलिग्रॅम आहे. धातू जास्त असतील तर चुना घालून पीएच वर न्या, बसलेला गाळ वेगळा काढा. वरचं पाणी इक्वलायझेशन टाकीत (जिथे सगळं सांडपाणी एकत्र होतं तिथे) दोन-तीन दिवसांत थोडं थोडं सोडा, तिथून ते एअरेशनला, म्हणजे हवा देऊन जिवाणू पोसणाऱ्या टाकीला, जाऊ द्या. अल्कलीचं आणि आम्लाचं पाणी एकमेकांत ओतून ‘आपोआप उदासीन होईल’ असा घाईचा हिशेब करू नका. आणि जवळपास ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराइडचं भांडं असेल तर ते आधी दूर ठेवा. आम्लाशी त्याचाही क्लोरीन होतो.

पायरी ४: वाळवणं

छिद्रांत पाणी असताना दाणे थेट भट्टीत घातले की आतली वाफ दाण्याला तडा देते. लाह्या फुटाव्या तसा आवाज येतो आणि नंतर चाळणीत नुसता चुरा. आपल्याकडे या कामाला ऊन फुकट आहे. ट्रेमध्ये एका बोटाच्या थरात पसरून सावलीतल्या वाऱ्यात एक दिवस, मग उन्हात एक दिवस, वरून जाळीचं कापड. त्यानंतर ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर चार-सहा तास. पावसाळ्यात हे काम काढू नये असं माझं मत आहे.

पायरी ५: भाजणं, गरज असेल तरच

पेरॉक्साइडची चाचणी इथे पुन्हा करा. जोर नव्याच्या ८० टक्क्यांपर्यंत परत आला असेल तर मी भट्टी पेटवत नाही. नुसता क्षाराचा त्रास होता, तो गेला.

छिद्रांत खोलवर सेंद्रिय पदार्थ अडकले असतील तर मात्र भाजावं लागतं. मिनिटाला १ ते २ अंश या चालीनं तापमान वाढवा, २५० अंशांवर तासभर थांबा, ३५० वर तासभर, मग ४०० ते ४५० वर दोन-तीन तास. थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको. आत अडकलेला कार्बन जळताना स्वतःची उष्णता देतो. जाड थरात भट्टीचा आकडा ४०० दाखवत असताना आतला दाणा ६०० ला गेलेला असू शकतो. आणि मँगनीज डायऑक्साइड ५०० अंशांच्या थोडं वर गेलं की प्राणवायू सोडून दुसऱ्या ऑक्साइडमध्ये बदलतं, लेपाचे बारीक कण एकमेकांत वितळून मोठे होतात. तो जोर परत आणता येत नाही. म्हणून थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला नाही, दाण्यांच्या मधोमध खोचा.

तुमच्या सांडपाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं, कीटकनाशकं किंवा पारा येत असेल तर भाजणं स्वतः करू नका. त्यातून निघणारा धूर साध्या चिमणीत सोडण्यासारखा नसतो.

कोळसा आणि टायटॅनियम

दाण्यांचा आधार अॅक्टिव्हेटेड कार्बन असेल तर वरची भाजण्याची पायरी पूर्ण विसरा, हवेत तो आधारच जळून जाईल. त्याला ८०० ते ९०० अंशांवर वाफेच्या वातावरणात पुनर्जीवित करतात. ते कारखान्याच्या भट्टीचं काम आहे आणि दर फेरीत साधारण ५ ते १० टक्के माल जातोच. टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्लेटांवर फक्त सेंद्रिय थर असेल तर स्वच्छ पाण्यात, थोड्या पेरॉक्साइडसह, रात्रभर यूव्ही दिवा चालू ठेवला की बराच थर निघतो. आधी दिव्याची काचेची नळी मात्र पुसा, कारण तिच्यावरच्या चुन्यामुळे प्लेटवर प्रकाश पोचत नसतो आणि दोष कॅटॅलिस्टला मिळतो.

पास की नापास

धुतलेल्या मालावर तीन गोष्टी बघायच्या. पेरॉक्साइडची चाचणी: मी ८० टक्क्यांखाली माल परत भरत नाही. ताकद: छोट्या तराजूवर दाणा ठेवून सपाट पट्टीनं दाबा, किती किलोला फुटला ते लिहा, असे वीस दाणे आणि नव्या दाण्यांचे वीस, दोन्हींची सरासरी. चौथाईहून जास्त घट असेल तर कॉलमच्या वजनाखाली त्याचा चुरा होणार. आणि धातूचं सुटणं: दाणे एक दिवस आपल्या सांडपाण्यात भिजवून पाण्यातला मँगनीज तपासा.

नापास माल हा वापरलेला कॅटॅलिस्ट म्हणून घातक कचरा नियम २०१६ च्या कक्षेत येतो. छताखाली, गळणार नाही अशा भांड्यांत, लेबल लावून, साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो. अधिकृत परवाना असलेल्याकडेच मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याच्या नोंदीचा कागद) भरून पाठवा. भंगारवाल्याला देऊ नका, तो नाल्याकाठी ओतेल. आणि आपल्या आवारात हे धुण्या-भाजण्याचं काम सुरू करण्याआधी तुमच्या संमतीपत्रात ते बसतं का, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारून घ्या. पुरवठादारालाही विचारा. लेप पुन्हा चढवून देणारे पुरवठादार असतात, आणि लेप गेलेल्या मालासाठी तोच खरा मार्ग आहे. नायट्रेटचं द्रावण वापरून घरच्या घरी लेप चढवायचा प्रयत्न करू नका, भाजताना त्यातून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड निघतात.

परत भरताना

कॉलम निम्मा मऊ पाण्यानं भरा आणि दाणे वरून पाण्यात सोडा. कोरड्या तळावर उंचावरून ओतले तर तिथेच फुटतात. एक रात्र भिजू द्या म्हणजे छिद्रांतली हवा निघेल. हलका बॅकवॉश करून चुरा काढा. तुटीइतका नवा माल मिसळायचा असेल तर तो पाणी आत येतं त्या बाजूला नको, दुसऱ्या टोकाला ठेवा. पहिले तीन दिवस निम्म्या प्रवाहावर चालवा, बाहेर पडणारं पाणी परत इक्वलायझेशनला वळवा, आणि मँगनीज सलग तीन नमुन्यांत मर्यादेत आल्यावरच पुढे सोडा.

आणि चुना पुन्हा चढू नये म्हणून मार्चपासून जूनपर्यंत कॉलमला जाणाऱ्या पाण्याचा कडकपणा आणि पीएच दर आठवड्याला मोजा, बाकीच्या वर्षात महिन्यातून एकदा पुरतं. टँकर बदलला की त्याच दिवशी. कॉलममध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा कडकपणा (विरघळलेल्या चुन्याचं प्रमाण) वेगळा येऊ लागला, समजा बाहेर येताना लिटरला २० मिलिग्रॅम कमी, तर तेवढा चुना रोज दाण्यांवर बसतो आहे. दिवसाला ५० हजार लिटर पाण्याच्या प्रकल्पात तो दिवसाला १ किलो होतो. अशा वेळी कॉलमआधी पीएच थोडा खाली घेणं किंवा सॉफ्टनर बसवणं वर्षातून दोनदा माल उपसून धुण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आमच्याकडे आता खिडकीत बरण्यांची रांग आहे. पहिली नव्या मालाची, पुढे प्रत्येक धुलाईनंतरची एक, झाकणावर तारीख, क्षाराची टक्केवारी आणि पेरॉक्साइडची मिनिटं लिहिलेली. फिटरकाका निवृत्त झाले, पण प्रत्येक बरणीत अजूनही एक दाणा मधोमध कापलेला ठेवतो.